काळी माती, बोअरचं पाणी आणि लाल साल्व्हिया

मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत लाल साल्व्हियाची गत सारखीच होते. डिसेंबरात नर्सरीतून लालभडक फुललेली रोपं येतात. दोन-तीन आठवडे अंगण उजळतं. मग शेंड्याची नवी पानं पिवळी पडू लागतात, खालच्या पानांच्या कडा करपतात आणि घरातला कोणीतरी खताची पुडी घेऊन येतो. खत पडलं की झाड आणखी लवकर जातं. दोष नर्सरीवाल्याला मिळतो.

हे झाड उपासमारीनं क्वचितच मरतं. आपल्याकडे ते मरतं चुन्यानं आणि क्षारानं, म्हणजे काळ्या मातीतल्या चुन्यानं आणि बोअरच्या पाण्यातल्या क्षारानं. माती-पाण्याचा हा प्रश्न सुटला की उरलेलं काम झेंडूइतकं सोपं नसलं, तरी शेवंतीपेक्षा कमीच आहे. म्हणून या लेखात माती-पाण्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

आधी झाड ओळखा

बाजारात लाल साल्व्हिया म्हणून दोन वेगळी झाडं मिळतात. बागांत, कार्यालयांसमोर ओळीनं दिसतो तो साल्व्हिया स्प्लेंडेन्स. त्याची फुलं दाट तुऱ्यात येतात आणि फुलाखालचा निदलपुंजही (फुलाला बुडाशी धरून असलेला पेलाही) फुलासारखाच लाल असतो. आतली नळी काही दिवसांत गळते, पण हा लाल निदलपुंज बराच काळ टिकतो, म्हणून तुरा जुना झाला तरी लांबून ताजा वाटतो. व्हिस्टासारख्या बुटक्या जाती फूटभर वाढतात, बॉनफायरसारख्या उंच जाती दोन फुटांपर्यंत जातात.

दुसरा साल्व्हिया कॉक्सिनिया. हा अंगानं सडपातळ, दोन-अडीच फूट उंच. तुरा विरळ, फुलं एकमेकांपासून सुटी आणि निदलपुंज तेवढा भडक नाही. ‘लेडी इन रेड’ ही त्याचीच जात. दिसायला तो पहिल्याइतका डोळ्यांत भरत नाही, पण ऊन, कोरडी हवा आणि आपलं दुर्लक्ष तो बराच सोसतो. एकदा रुजला की त्याचं बी आपोआप पडतं आणि पावसाळ्यात आजूबाजूला रोपं उगवतात. माझं मत विचाराल तर जमिनीतल्या वाफ्यात कॉक्सिनिया आणि कुंडीत स्प्लेंडेन्स, ही वाटणी आपल्याकडे ठीक बसते.

दोन्ही तुळस, सब्जा, पुदिन्याच्या कुळातले. खोड बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागेल. चियाचं बी ज्या झाडाचं, तोही एक साल्व्हियाच. मात्र हे लाल फुलांचे साल्व्हिया शोभेचे आहेत, पानं चहात टाकायला घेऊ नयेत.

स्प्लेंडेन्स मूळचा ब्राझीलचा. तिथल्या उंच डोंगरउतारांवर वर्षभर ओलसर, उबदार हवा असते आणि माती पालापाचोळ्यानं भुसभुशीत असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो, हवा कोरडी आणि माती चुनखडीची. त्यामुळे तिथं अनेक वर्षं जगणारं हे झाड आपण हिवाळी हंगामी म्हणून लावतो. ते योग्यच आहे.

पेरणीची वेळ

बी पेरल्यापासून फूल यायला साधारण १० ते १२ आठवडे लागतात. फुलांचा भर आपल्याला डिसेंबर ते फेब्रुवारी हवा, म्हणजे पेरणी पोळ्याच्या आसपास. घट बसतात तेव्हा रोपं चार पानांवर असावीत आणि दिवाळीला ती कायमच्या जागी रुजून फुटलेली असावीत. यापेक्षा लवकर, जुलैत पेरलं तर पावसात रोपं सडतात. ऑक्टोबरअखेर पेरलं तर थंडीत वाढ रेंगाळते. परभणीकडे काही रात्री पारा दहा अंशांच्या खाली येतो, तेव्हा कोवळी रोपं नुसती बसून राहतात.

एक अडचण मात्र आहे. मराठवाड्यात सप्टेंबरचा पाऊस अनेकदा जोरदार असतो. म्हणून पेरणी उघड्यावर नको. पत्र्याखाली, गॅलरीत किंवा जिन्याखालच्या उजेडाच्या जागी करा.

माती: काळ्या रानाचा मोह सोडा

शेतातली काळी कसदार माती आणून कुंडी भरायची ही आपली सवय. कापूस-सोयाबीनला ती सोनं आहे, कुंडीतल्या साल्व्हियाला फास आहे. ओली असताना ती चिकट होते आणि मुळांना हवा मिळत नाही, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. शिवाय तिचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणा-खारेपणाचा आकडा) बहुधा ७.५ ते ८.५ असतो. साल्व्हियाला ६ ते ६.५ च्या आसपास बरं वाटतं.

मातीत चुना किती, हे बघायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि तिच्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर घाला. फसफसली तर चुना भरपूर आहे. मुरुमाचीही अशीच परीक्षा घ्या, कारण आपल्याकडच्या पुष्कळ मुरुमात चुनखडीचे पांढरे खडे असतात. नर्सरीत मिळणारी ‘लाल माती’ तर नक्कीच तपासा, नुसता रंग लाल असून भागत नाही.

आठ इंची कुंडीसाठी माझं मिश्रण असं: दोन भाग न फसफसणारी लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, अर्धा भाग जाड वाळू, आणि वरून मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी फेकून द्या, पुन्हा भिजवा आणि पिळून घ्या. त्यातही क्षार असतात, आणि क्षार टाळण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार नाही.

कुंडीबद्दल एक सांगायलाच हवं. आपल्याकडे सिमेंटच्या कुंड्या फार. नवी सिमेंटची कुंडी कित्येक महिने चुना सोडत राहते. तीच वापरायची असेल तर आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा आणि दर एक-दोन दिवसांनी पाणी बदला. जमलं तर साल्व्हियासाठी कुंभाराची मातीची कुंडी किंवा ग्रो बॅग घ्या. आठ इंची कुंडीत एक रोप, बारा इंचीत तीन. तळाचं भोक उघडं आहे ना, ते भरण्याआधीच बघा.

जमिनीत लावायचं असेल तर वीतभर उंच गादीवाफा करा. काळ्या मातीत चार घमेली वाळू टाकून ती भुसभुशीत होत नाही, उलट घट्ट बसते. वाळूऐवजी चौरस फुटाला दोन ओंजळी भरून शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा मिसळा. जमिनीतली चुनखडी आपण बदलू शकत नाही, म्हणून तिथं कॉक्सिनियाच बरा.

पाणी

मराठवाड्यात फुलझाडांच्या पाण्याबद्दल लिहिताना हात थोडा अडखळतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. आजही कित्येक शहरांत नळ रोज येत नाही. पण साल्व्हियाला पाणी फार लागतं असं नाही. त्याला बिनक्षाराचं लागतं, एवढंच.

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र घ्या, पिण्याच्या पाण्याला तोच उपयोगी पडेल. आकडा ५०० च्या आत असेल तर निश्चिंत राहा. ५०० ते १००० मध्ये झाड जगेल, पण काळजी घ्यावी लागेल. १००० च्या वर गेलेलं बोअरचं पाणी रोज घातलं तर कोवळी रोपं टिकणार नाहीत, मोठी झाडं कडा करपवून घेतील. मीटर नसला तरी कुंडीच्या काठावर आणि मातीवर साचणारा पांढरा थर बघा, तोच पुरावा.

आता सगळ्यांत जास्त होणारी चूक. घरातल्या आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी ‘फुकट कशाला घालवायचं’ म्हणून कुंड्यांना जातं. निम्मं पाणी शुद्ध होऊन निम्मं बाहेर पडत असेल, तर त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास दुप्पट झालेले असतात. ते फरशी पुसायला, संडासाला वापरा. झाडांनाच द्यायचं तर जमिनीतल्या कण्हेरीला किंवा बोगनवेलीला, ती त्यातून तरतात. साल्व्हियाला एक तांब्याही नको.

मग चांगलं पाणी कुठून आणायचं? पहिला पर्याय पावसाचं. पत्र्याच्या किंवा गच्चीच्या पन्हळाखाली २०० लिटरचा ड्रम ठेवा, पहिली सर गच्ची धुऊन वाहू द्या आणि मग भरा. हिवाळ्यात आठ इंची कुंडीला दिवसाला पाव ते एक तृतीयांश लिटर पुरतं. दहा कुंड्यांना रोज तीन लिटर धरलं तर एक ड्रम दोन महिने चालतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर दोन ड्रम भरले तर जवळपास सगळा हंगाम निघतो. ड्रमवर घट्ट झाकण आणि कापड बांधा, नाहीतर फुलांआधी डेंग्यूचे डास येतील.

दुसरा पर्याय स्वयंपाकघरातला. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी. मीठ किंवा साबण लागलेलं मात्र नको. तिसरा, नळाचं पाणी. धरणाचं पाणी बोअरपेक्षा बहुधा हलकं असतं. बोअरचंच घालणं भाग असेल तर एक वेळ बोअर, दोन वेळ दुसरं, असं फिरवा आणि दर पंधरा-वीस दिवसांनी चांगल्या पाण्यानं कुंडी निथळून घ्या. कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट पाणी हळूहळू ओता, तळातून वाहू द्या. खाली ताटली असेल तर त्यातलं पाणी लगेच काढा, नाहीतर निथळलेले क्षार पुन्हा वर चढतील.

किती वेळा, याला ठराविक उत्तर नाही. बोट मातीत पेरभर घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या. दुपारी पानं माना टाकतात तेव्हा घाई करू नका. उन्हात हे झाड असं कोमेजतं आणि माती ओली असेल तर संध्याकाळी आपणहून सावरतं. ओल्या मातीत पुन्हा पाणी घातलं तर मूळ कुजतं आणि मग ते खरंच सावरत नाही. पाणी सकाळी, मुळाशी द्यायचं. तुऱ्यांवर झारी धरली तर फुलं डागाळतात.

मातीवर आच्छादन हवंच. सोयाबीनचा भुसा मराठवाड्यात कुठंही मिळतो, उसाच्या पट्ट्यात पाचट आहे. दोन बोटं जाडीचा थर, खोडापासून थोडा दूर. पाण्याची पाळी निश्चित लांबते, आणि पाणी कमी तेवढे क्षारही कमी.

पेरणी आणि रोपं

बी ताजं घ्या. साल्व्हियाचं बी वर्षभरात उगवण गमावू लागतं, त्यामुळे पाकिटावरची तारीख वाचा. मिरची-टोमॅटोच्या रोपवाटिकेत वापरतात तो खणाखणांचा प्रो-ट्रे उत्तम, नसेल तर तळाला भोकं पाडलेला कुठलाही उथळ डबा चालेल. धुतलेलं कोकोपीट आणि गांडूळखत समान घेऊन त्यात चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. आधी मिश्रण ओलं करा, मग पेरा.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा: या बियाला उगवायला उजेड लागतो. पुरू नका. पृष्ठभागावर ठेवून बोटानं अलगद दाबा, वर कोकोपीटचा इतका पातळ थर द्या की बी अर्धवट दिसत राहील. फवारणीच्या बाटलीनं ओल ठेवा. उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ८ ते १५ दिवसांत कोंब दिसतात. सगळे एकदम उगवत नाहीत, मागं राहिलेल्यांसाठी आठवडाभर धीर धरा.

उगवल्यावरचे पहिले दहा दिवस नाजूक असतात. दमट हवेत, साचलेल्या ओलीत रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात. यावर औषध शोधण्यापेक्षा ती वेळच येऊ देऊ नये. दाट उगवली असतील तर विरळ करा, वारा खेळू द्या, संध्याकाळी पाणी देऊ नका, आणि आडवं पडलेलं रोप मातीसकट काढून टाका. उगवताच सकाळचं कोवळं ऊन दाखवायला लागा, नाहीतर रोपं लांबुडकी होतात आणि पुढं तुऱ्याच्या भारानं वाकतात.

चार ते सहा खरी पानं आली की पुनर्लागण. त्याआधी पाच-सहा दिवस ट्रे रोज थोडा जास्त वेळ उन्हात ठेवा. लागण संध्याकाळी करा. रोप ट्रेत होतं तितकंच खोल बसवा. जमिनीत बुटक्या जाती वीतभर अंतरावर, उंच जाती आणि कॉक्सिनिया दीड वीत. अंतर कमी ठेवलं तर सुरुवातीला वाफा भरलेला दिसतो, जानेवारीत आतली पानं पिवळी होऊन गळतात.

बी पेरायला उशीर झालाच तर नोव्हेंबरात नर्सरीतून रोप घ्या. सगळ्यात जास्त फुललेलं उचलू नका. एखादाच तुरा डोकावतोय, बुडाला फुटवे आहेत आणि पानं उलटी करून बघितल्यावर पांढरी माशी उडत नाही, असं घ्या. पिशवीत चिकट मातीचा घट्ट गोळा असेल तर तो पाण्यात भिजवून बाहेरचा थर हलक्या हातानं मोकळा करा. तसाच कुंडीत ठेवला तर नव्या मातीत मुळं उतरत नाहीत आणि पाणी गोळ्याला वळसा घालून वाहून जातं.

शेंडा खुडणं, ऊन, खत

रोपाला पानांच्या चार जोड्या झाल्या की शेंडा नखानं खुडा, खाली तीन जोड्या राहू द्या. फुलं पंधरवडाभर लांबतात, पण एका तुऱ्याच्या जागी चार-सहा येतात. बुटक्या संकरित जातींना याची गरज नसते, त्या आपणहून फुटतात. नर्सरीच्या रोपाचा फुललेला तुरा घरी आणताच कापायला सांगितलं तर लोक रागावतात, तरी सांगतो: कापा. रोप आधी रुजतं, मग फुलतं.

नोव्हेंबर ते जानेवारी पूर्ण ऊन चालतं, निदान पाच तास तरी हवं. महाशिवरात्रीनंतर दुपारचं ऊन टोचू लागतं आणि लाल रंग विटतो. तेव्हा कुंड्या पूर्वेच्या बाजूला घ्या किंवा ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा.

खताबद्दल हात आखडता ठेवा. महिन्याला कुंडीमागं मूठभर गांडूळखत, आणि कळ्या धरू लागल्या की पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला एक ग्रॅम, तेही ओल्या मातीत. दुकानदार पाच ग्रॅम सांगेल, ऐकू नका. विद्राव्य खत म्हणजे शेवटी क्षारच. युरिया तर अजिबात नको, हिरवंगार झुडूप होईल आणि तुरे दिसणार नाहीत.

पिवळं पान वाचायला शिका

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या: लोह मिळत नाही. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही, म्हणून मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग होत नाही. पानांवर फवारा. लिटरभर हलक्या पाण्यात दोन ग्रॅम हिराकस, आधी त्यात अर्ध्या लिंबाचा रस, आणि संध्याकाळी फवारणी. आठवड्यानं पुन्हा एकदा. मातीतूनच द्यायचं असेल तर कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागा, चुनखडीच्या जमिनीत तेच टिकतं.

खालची जुनी पानं सगळीच फिकी होत असतील तर नत्र कमी आहे, गांडूळखत द्या. कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या तर क्षार, म्हणजे कुंडी निथळा आणि खत थांबवा. आणि माती ओली असूनही सगळं झाड मरगळलं असेल तर उपटून मुळं बघा. पांढरी नसून तपकिरी, लिबलिबीत असतील तर त्या झाडाचा नाद सोडा, ती माती दुसऱ्या साल्व्हियाला वापरू नका.

किडी

पांढरी माशी आणि मावा दोन्ही येतात. घराशेजारी कपाशीचं रान असेल तर वेचणी संपून पऱ्हाट्या उपटल्यावर माशी वाढलेली दिसू शकते. पिवळे चिकट सापळे तुऱ्यांच्या उंचीवर टांगा, आणि पाच टक्के निंबोळी अर्क किंवा लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणात फेटून पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. फवारणी संध्याकाळी उशिरा, कारण दिवसा तुऱ्यांवर मधमाश्या असतात. शिंजीर पक्षीही मधासाठी येतो, त्याच्यासाठी तरी कडक कीटकनाशक घरात नको.

फेब्रुवारीत हवा कोरडी झाली की लाल कोळी. पानं धुळकट, ठिपक्याठिपक्यांची दिसतात, मागं बारीक जाळी. सुरुवातीलाच पानांच्या खालून दोन-तीन सकाळी पाण्याचा फवारा मारला तर पुरतं. पार पसरला असेल तर त्या फांद्या छाटून जाळा.

तुरे, बी आणि उन्हाळा

तुऱ्याचा खालचा दोन-तृतीयांश भाग काळपटला की तो पानांच्या पहिल्या चांगल्या जोडीच्या वर कापा. बगलेतून नवा तुरा येतो. जानेवारीच्या शेवटी झाड एक तृतीयांश छाटलं, वर मूठभर गांडूळखत दिलं, की मार्चच्या मध्यापर्यंत आणखी एक बहर मिळतो.

बी ठेवायचं असेल तर दोन-तीन तुरे न कापता सोडा. निदलपुंज वाळून पेंढ्याच्या रंगाचा झाला आणि आत गडद दाणे दिसले की बी पक्व. ते एका झटक्यात गळतं, म्हणून आधीच जुन्या मलमलीची पुरचुंडी तुऱ्याला बांधा. कागदी पाकिटात, कोरड्या थंड जागी ठेवून त्याच पोळ्याला पेरा. संकरित जातीचं बी धरलं तर रोपं उंची-रंगात सरमिसळ निघतील. सारखा वाफा हवा असेल तर नवं पाकीट घ्या किंवा फाटे लावा. फाट्यासाठी बिनफुलाची, बोटभर लांबीची कोवळी फांदी घ्या, खालची पानं काढा, ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात.

एप्रिल-मेमध्ये सगळी झाडं वाचवण्याचा हट्ट पाण्याच्या हिशेबात बसत नाही. सगळ्यांत निरोगी दोन निवडा, निम्म्यावर छाटा, उत्तरेच्या भिंतीशी सावलीत ठेवा, फुलं येऊ देऊ नका, ओल तेवढी राखा. बाकीची उपटून खताच्या खड्ड्यात. मृगाचे दोन पाऊस झाले की वाचलेल्या दोघांची वरची दोन इंच माती काढून नवं मिश्रण भरा. ऑगस्टमध्ये फाटे घ्यायला ती तयार असतात.